जे आधी होईल ते

आमच्या ऑफिसात ज्याला कागदोपत्री काहीच काम नव्हतं असा माणूस एकच होता, आणि रोज सगळ्यांच्या आधी येणाराही तोच. काम असून न करणारे आम्ही बरेच होतो, ती गोष्ट वेगळी. परळला आमच्या सरकारी मंडळाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी पोहोचायचे तेव्हा बाळू शिपाई अजून केर काढत असायचा, पंखे बंद असायचे आणि खिडकीजवळच्या खुर्चीत अधिकराव ताठ बसलेले असायचे. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, मांडीवर घडी घातलेली पांढरी काठी. माझी चाहूल लागली की म्हणायचे, "या परबबाई. आज जिना रागाने चढलात. बस उशिरा आली वाटतं?" बस उशिरा आलेली असायचीच, आणि रागही असायचा. माझ्या नाकावर तो तसाही कायम असतो, असं ऑफिसचं मत आहे.

त्यांनी कधी मोठी रजा घेतल्याचं मला आठवत नाही. गणपतीत निम्मं ऑफिस कोकणात गेलेलं असायचं, तरी हे हजर. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, घ्या की चार दिवस. गावाला भाऊ आहे, जाऊन या." तर म्हणाले, "रजा कामातून घ्यायची असते, परबबाई. मी कशातून घेऊ?" आणि वर हसले. त्यांचं हेच मला आवडायचं नाही. माणूस अशी वाक्यं हसत बोलायला लागला की ऐकणाऱ्याने कुठे बघावं ते कळत नाही.

पूर्वी ते आमच्याच गाळे विभागात वरिष्ठ लिपिक होते. मंडळाचे दुकानगाळे लालबाग, परळ, दादर असे सगळीकडे पसरलेले. कोणाचा बाप गेला की मुलाचं नाव चढवायचं, कोणाचं शटर गळतं, कोणाची भिंत शेजाऱ्याने खाल्ली, असल्या भानगडींचा आमचा विभाग. त्यांची टिपणी वाचायला साहेबलोकांना आवडायची. मग काचबिंदूने डोळे न्यायला सुरुवात केली. आधी कडा गेल्या. कागदाचा मधला मजकूर दिसायचा, समासातला शेरा दिसायचा नाही. पुढे पुढे मजकूरही गेला. बायको त्याआधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. घोडपदेवच्या चाळीतल्या एका खोलीत हा माणूस आणि त्याचा रेडिओ, एवढाच संसार उरला होता.

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि अगदी मायेने सांगितलं, "तुमचे सगळे पैसे मी जातीने लक्ष घालून मिळवून देतो. तुम्ही आता निवांत घरी बसा." साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की आंधळ्या माणसाला नोकरीच्या जाचातून सोडवणं हे पुण्याचं काम आहे. अधिकराव चहा संपवून बाहेर आले ते थेट दादरच्या एका वर्गात गेले. तिथे दृष्टी गेलेल्यांना काठी धरून चालायला आणि बोलत्या कॉम्प्युटरवर काम करायला शिकवायचे. काठी शिकता शिकता त्यांना कायदा कळला. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, त्याचा हुद्दा खाली आणता येत नाही; जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद द्यायचं. "कलम वीस, पोटकलम चार," ते म्हणायचे, एखाद्याने रामरक्षेचा श्लोक म्हणावा तसं.

त्यांनी दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली, आणि जिंकले. त्या दिवशी पेढे घेऊन आले. आदेशाचा कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "वाचा, परबबाई. मोठ्याने वाचा." मी वाचायला लागले. सरकारी मराठीत दम न घेता वाचायची मला सवय आहे, त्या नादात मी वाचलं, "अर्जदारास असंख्य पदावर ठेवण्यात यावे."

"असंख्य?" ते म्हणाले. "एक पुरे होतं की!"

सगळे हसले. मी पुन्हा नीट बघितलं. शब्द होता 'अधिसंख्य'. म्हणजे मंजूर पदांच्या संख्येबाहेरचं, वरचं, जादाचं पद. त्यांच्याजोगं पद आज रिकामं नाही, म्हणून त्यांच्यापुरतं एक जादा पद तयार करायचं. पुढे लिहिलं होतं, योग्य पद उपलब्ध होईपर्यंत किंवा नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल ते.

"म्हणजे अधिक महिना," ते म्हणाले. "पंचांगात असतो, पण त्यात ना लग्न, ना मुंज, ना सण." आमच्याकडे अधिक महिन्यात जन्मलेल्या मुलाचं नाव अधिक ठेवायची पद्धत आहे. "तर मंडळी, आजपासून मी अधिकराव." त्यांनी स्वतःच पेढे वाटले. मला दोन दिले आणि हळूच म्हणाले, "जे आधी होईल ते. बघू हं परबबाई, काय आधी होतंय. शर्यत लागली." निवृत्तीला तेव्हा बरीच वर्षं होती. मी पैज लावली, पद आधी येईल. मला त्यात शंकाच वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले आणि खिडकीजवळची खुर्ची त्यांना देण्यात आली. टेबल नव्हतं. टेबल पदाबरोबर येतं, आणि हे पद जादाचं. खुर्चीशेजारी एक स्टूल होतं, त्यावर विभागाचा लँडलाइन फोन. साहेब म्हणाले, "या, या. बसा." आमच्या विभागातला मोहिते म्हणाला, "बसा हो अधिकराव, मस्त वारा येतो इथे." बाळू पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "बसा आरामात, काय लागलं तर हाक मारा." तीही माणसं वाईट नव्हती. आपल्याकडे दारात आलेल्याला 'बसा' म्हणण्यापेक्षा मोठं अगत्य नाही. पण पाहुणा बसतो आणि घटकाभराने उठतो. हे बसले ते बसलेच.

सहाएक महिने गेले असतील. एकदा डबा खाता खाता ते म्हणाले, "परबबाई, एक उपकार कराल? तुम्ही तेवढं मला 'बसा' म्हणू नका. बाकी काहीही म्हणा. या ऑफिसात मला सगळे मिळून तो एकच शब्द बोलतात." त्यांच्या डब्यात कुळथाची पिठी आणि भात होता, स्वतः केलेला. मी म्हटलं, बरं. म्हणायला सोपं होतं. पण तोंडात मुरलेला शब्द काढून टाकायचा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. ते आले की मी "या" म्हणायचे आणि पुढचा शब्द गिळायचे. त्याची इतकी सवय झाली की माझ्या दादरच्या घरी पाहुणे आले तरी मी "या, या" करत राहायचे आणि ती बिचारी माणसं उभीच राहायची. माझी बहीण म्हणाली, तुझं डोकं फिरलंय.

ऑफिसातला एकटेपणा कोणी मुद्दाम करत नाही. पहिले काही दिवस येणाराजाणारा त्यांच्यापाशी थांबायचा. मग लोकांच्या लक्षात आलं की या माणसाकडे वेळच वेळ आहे, आणि वेळ असलेल्या माणसाला एकदा 'काय कसं काय' विचारलं की सुटका नसते. मग माणसं त्यांच्यासमोरून पाय न वाजवता जायला लागली. डोळ्याला दिसत नाही म्हणून यांना कळणार नाही असं वाटायचं लोकांना. अधिकराव मला म्हणाले, "माझ्यासमोरून जाताना मंडळी चपला हातात घेतात की काय? देवळात शिरल्यासारखी चालतात." मी ते थट्टेवारी नेलं. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूने जाताना जरा पाय आपटूनच जायचे. साहेबांना वाटायचं, बाई रागात आहे.

"दिव्यांग म्हणा नाहीतर अपंग म्हणा, मला काही फरक पडत नाही," ते एकदा मोहितेला म्हणाले, "फक्त बेकार म्हणू नका." मोहिते तोवर त्यांना काहीच म्हणाला नव्हता. तो नुसता पगाराच्या दिवशी बोलून गेला होता, "नशीबवान आहात, साला आम्ही इथे मरमर मरतो."

मग त्यांनी कामाचा ध्यास घेतला. बोलतं सॉफ्टवेअर असलेला कॉम्प्युटर मागितला. कायद्यात 'वाजवी सोय' असा शब्द आहे, तो त्यांनी अर्जात घातला. आमच्याकडे वाजवी हा शब्द भाजीच्या भावाला लावतात, साहेबांनी विचारलं, "वाजवी म्हणजे कितीपर्यंत?" पण कायद्याचा शब्द होता, म्हणून बऱ्याच दिवसांनी टेबलही आलं आणि मशीनही आलं. अधिकरावांनी हेडफोन लावले. त्यांचा मोबाइल ते इतक्या वेगाने बोलता ठेवायचे की कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज यायचा. या मशीनलाही त्यांनी तोच वेग दिला आणि गाळ्यांची पहिली फाइल उघडली. मशीन म्हणालं, "इमेज." पुढचं पान. "इमेज." त्याच्या पुढचं पानही "इमेज." आमच्या जुन्या फायली स्कॅन केलेल्या, म्हणजे मशीनच्या लेखी ते नुसते फोटो. त्यातलं अक्षर त्याला वाचता येईना. अधिकरावांनी हेडफोन काढले. "याच्यापेक्षा माझं बरं," ते म्हणाले. "याला डोळे असून दिसत नाही." पुढे ते मशीन मोहितेच्या टेबलावर गेलं, टेबलही कोणीतरी नेलं. साहेब म्हणाले, "सोय केली होती. जमलं नाही. आता तुम्ही निवांत..." आणि पुढचा शब्द ते बोलले.

फोनची गोष्ट त्यानंतरची. सरकारी फोन वाजण्यासाठी असतो, उचलण्यासाठी नाही, असा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. स्टुलावरचा तो फोन दिवसभर वाजायचा आणि दमून गप्प व्हायचा. एका दुपारी तो वाजला आणि अधिकरावांनी हात लांब करून उचलला. खणखणीत आवाजात म्हणाले, "नमस्कार, गाळे विभाग, बोला."

सगळ्यांच्या माना वळल्या. पलीकडे कोणी बाई होती. तिचा आवाज रिसीव्हरमधून आम्हाला सुद्धा ऐकू आला. ती म्हणाली, "अगो बाय माझे! उचलल्यान्!" आणि पुढे तिला काही सुचेचना. इतके महिने फोन लावत होती, पण कोणी उचलेल याची तयारी तिने केलीच नव्हती. अधिकराव शांतपणे म्हणाले, "बोला वहिनी, मी ऐकतोय." लालबागला तिच्या नवऱ्याचा मसाल्याचा गाळा होता, तो वारला होता, नाव चढवायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला हाक मारली, मी फाइल शोधली, काय कमी आहे ते वाचून दाखवलं, त्यांनी ते तिला सांगितलं. एवढंच.

मग ते रोज उचलायला लागले. मला सांगायला हवं की ते काही आठवडे माझ्या नोकरीतले चांगले आठवडे होते. विभागात एक आवाज आला. कोणी भांडायचं, कोणी रडायचं, कोणी मालवणीत शिव्या घालायचं, आणि अधिकराव सगळ्यांना एकच म्हणायचे, "बोला." संध्याकाळी त्यांचा आवाज फुटायचा. मी खडीसाखर दिली तर म्हणाले, "आज माझा घसा बसलाय, परबबाई. मी नाही." इतकं मनापासून हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

पण फोन उचलला की पलीकडच्याला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायचं तर कोणीतरी फाइल हलवावी लागते. मोहिते एक दिवस उखडला. "अधिकराव, तुम्ही उचलता आणि ताप आमच्या डोक्याला. कशाला उगाच पब्लिकला सवय लावता?" गोष्ट साहेबांपर्यंत गेली. साहेब म्हणाले, "हे काम तुमच्याकडे सोपवलेलं नाही. उद्या काही चुकीचं सांगितलं गेलं तर जबाबदार कोण?"

"मग सोपवा," अधिकराव म्हणाले.

"कशावर सोपवू? पद कुठे आहे?"

"पद तुम्ही तयार करायचं आहे, साहेब. पगार कायद्याने दिला. काम तुम्ही द्यायचंय."

"तुम्हाला पूर्ण पगार मिळतो, बढतीचं वेतन मिळतं. लोक यासाठी नवस बोलतात. यापुढे फोन उचलायचा नाही."

त्यांनी तो हुकूम पाळला. मला वाटलं होतं पाळणार नाहीत. ते खुर्चीत बसायचे, हातभर अंतरावर फोन वाजत असायचा आणि त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर. मी कधी उठून उचलायचे, कधी माझ्याच कामात अडकलेली असायचे. न राहवून मी म्हटलं, "उचला हो. कोण बघतंय?"

"चोरून?" ते म्हणाले. "काम काय चोरीचा माल आहे?"

फोन वाजत राहिला. त्यांची बोटं घंटीच्या तालावर गुडघ्यावर हलायची, तेवढीच. मला त्या फोनचा, साहेबांचा, मोहितेचा आणि खरं सांगायचं तर अधिकरावांचाही संताप यायचा. इतका सरळ माणूस शेजारी बसला की जीव घुसमटतो.

ते पुन्हा आयुक्तांकडे गेले. या वेळी सुनावणीला मी सोबत होते. मंडळाच्या विधी अधिकाऱ्याने सांगितलं, अर्जदाराला पूर्ण वेतन दिलं जातं, सबब भेदभावाचा प्रश्नच उद्भवत नाही. अधिकरावांना विचारलं, तुमचं म्हणणं काय? ते उभे राहिले. "साहेब, एका घरात सुनेला दोन वेळा पोटभर जेवायला घालतात. अंगावर धडका कपडा देतात. पण तिच्याकडून चूल पेटवून घेत नाहीत, तिला काही विचारत नाहीत, काही सांगत नाहीत. नुसतं म्हणतात, बस. याला सासुरवास म्हणायचं की नाही, एवढं मला सांगा." आयुक्तांनी मंडळाला आदेश दिला: टेलिफोनवर माहिती देण्याचं पद निश्चित करा, ते दृष्टिहीन व्यक्तीसाठी योग्य म्हणून घोषित करा. परतताना टॅक्सीत मी अगदी आनंदात होते. अधिकराव म्हणाले, "परबबाई, कायद्याने मला घरात नाही घेतलं हो. दारात पाय अडकवायला जागा दिलीय. आत माझं मलाच शिरायचंय." निवृत्तीला तेव्हा फार दिवस उरले नव्हते.

मंडळाने समिती नेमली. समितीचा एक सदस्य आला की दुसरा दौऱ्यावर असायचा. दर सोमवारी अधिकराव विचारायचे, "काय म्हणते आपली शर्यत?"

"समिती बसली नाही अजून," मी सांगायचे.

"कमाल आहे. बसणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं."

शेवटच्या महिन्यात ते विचारायचे थांबले. मी पैज हरले होते. पैज म्हणून काय द्यायचं ते आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, बटाटेवडे. साहेब बोलले की अधिकरावांनी अंधत्वावर मात केली आणि आम्हा सर्वांना प्रेरणा दिली. मग अधिकरावांना बोलायची विनंती झाली आणि साहेब मायेने म्हणाले, "बसूनच बोला." ते उठले. नारळ हातात होता, तो जरा खालीवर करून वजन बघितल्यासारखं केलं. "हा नारळ तुम्ही मला मागेच देत होतात," ते म्हणाले. "मी तेव्हा घेतला नाही. आज शालीबरोबर आहे म्हणून घेतो." लोक हसले. मोहिते सगळ्यांत जोरात हसला. "आदेशात लिहिलं होतं, जे आधी होईल ते. निवृत्ती आधी आली. तक्रार नाही. पण ते पद अजून वाटेत आहे. मी नाही म्हणून त्याला परत पाठवू नका." मग मागे हात नेऊन खुर्ची चाचपली, पण बसले नाहीत. चहा होईपर्यंत उभेच होते.

खुर्ची रिकामी झाली. आपल्याला वाटतं की काम नसलेला माणूस गेल्याने काय फरक पडणार? मला फार एकटं वाटलं. सकाळी मी जिना चढून यायचे आणि माझा राग कोणाच्याच लक्षात यायचा नाही.

आठवडाभराने दुपारी फोन वाजला. कोणी उठलं नाही. वाजत राहिला, म्हणून मी गेले आणि उचलून म्हटलं, "बोला."

"'नमस्कार' राहिलं," पलीकडून अधिकराव म्हणाले. "आणि विभागाचं नावही. बघत होतो कोणी उचलतं का."

मग ते रोज दुपारी करायला लागले. जेवण काय केलं, चाळीत पाणी आलं का, मोहितेचं कसं चाललंय. शेवटी विचारायचे, "पद आलं?" मी म्हणायचे, "आता आलं तरी तुम्हाला काय त्याचं?" तर म्हणायचे, "माझ्यासाठी कुठे विचारतोय?" त्यांच्या फोनसाठी म्हणून मी तो फोन उचलायचे, आणि मग मधे दुसऱ्यांचेही उचलावे लागायचे. त्यांनी हे मुद्दाम केलं असणार.

पद आलं. समिती एकदाची बसली. भरती झाली आणि एका सकाळी हातात पांढरी काठी घेतलेली सायली नावाची मुलगी जिना चढून आली. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. तिला टेबल मिळालं, फोन मिळाला, फायलींचं अक्षर वाचता येईल असं नवं मशीनही मिळालं. पहिल्याच दुपारी फोन वाजला. ती म्हणाली, "नमस्कार, गाळे विभाग, बोला." मग थोडं थांबून तिने रिसीव्हर ठेवला. "ठेवला, मॅडम. कोणी बोललंच नाही."

संध्याकाळी मी घरून घोडपदेवला फोन लावला. अधिकराव म्हणाले, "आवाज चांगला आहे हो पोरीचा. 'नमस्कार' जरा घाईत म्हणते. येईल हळूहळू."

"मग बोलला का नाहीत तिच्याशी?"

"काय बोलणार? माझं काही काम नव्हतं तिच्याकडे." मग म्हणाले, "आता दुपारी तुम्हाला फोन करणार नाही, परबबाई. ती लाइन आता कामाची आहे. गप्पांसाठी अडवायची नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. ज्या गोष्टीसाठी हा माणूस इतकी वर्षं भांडला ती झाली होती. पण माझ्या दुपारी पुन्हा मुक्या झाल्या. मी त्यांना अधूनमधून रविवारी फोन करायचे, पण रविवारी आम्हा दोघांनाही फारसं काही सुचायचं नाही. आमची ओळख कामाच्या दिवसांची होती.

सायली मात्र कुरकुर करायची. "मॅडम, रोज जेवणानंतर एक कॉल येतो. मी 'बोला' म्हणते आणि पलीकडचा ठेवून देतो. कोण पकवतंय काय माहीत. ब्लॉक करता येतो का?" मी म्हटलं, "लँडलाइनला कसला आलाय ब्लॉक? येऊ दे. तू आपलं 'नमस्कार' नीट म्हण." तिला माझं बोलणं विचित्र वाटलं असेल.

यंदा दिवाळीनंतर मला घोडपदेवहून त्यांच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला. अधिकराव रात्री झोपेतच गेले होते. मी पोहोचले तेव्हा गावाहून भाऊ यायचा होता. खोली नीट आवरलेली, काठी घडी घालून खुंटीला. वहिनी रडत सांगत होत्या, "दुपारी जेवले की ऑफिसात फोन लावायचे. स्पीकरवर. ती पोरगी 'बोला' म्हणायची, हे ऐकायचे नि ठेवायचे. म्हटलं, भाऊजी, हे काय येड्यासारखं? तर म्हणाले, माझ्या जागेवर लागलीय ती. काम चालू आहे ना, एवढं बघतो." मी ती खोली बघत उभी राहिले. वहिनी "बसा ना" म्हणाल्या, पण मला बसवेना.

ऑफिसात कोणी फारसं काही बोललं नाही. निवृत्त माणसाची बातमी फलकावर लागते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर परिपत्रक लागतं. सायलीला मी काही सांगितलं नाही. ती त्यांना ओळखतही नव्हती.

चारपाच दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत ती काठीने वाट काढत माझ्या टेबलापाशी आली आणि डबा हातात धरून उभी राहिली.

"मॅडम, एक विचारू? तो रोजचा माणूस... न बोलणारा. त्याचा फोन यायचा बंद झालाय. मी रोज त्या टायमाला हात फोनवर ठेवून असते. तुम्हाला माहितीये का, कोण होता तो?"

मी शेजारची खुर्ची ओढली. कितीतरी वर्षांत तो शब्द मी ऑफिसात कोणाला म्हटला नव्हता.

"बस," मी म्हटलं. "सांगते."